वाक्यावरून पदावर : संगीत नाटकात पहिल्यांदा उभं राहणाऱ्या गायक-नटासाठी

संगीत नाटकात नवा माणूस चुकतो तो बहुतेक वेळा गद्य आणि गाण्याच्या सांध्यावर. गद्य छान चाललेलं असतं, ऑर्गनचा सूर भरतो, आणि तेवढ्यात नट दोन पावलं पुढे येतो, घसा खाकरतो, प्रेक्षकांकडे तोंड करतो. आत्तापर्यंतचा अर्जुन तिथेच संपतो आणि बैठकीतला गवई उरतो. पद संपलं की तो पुन्हा अर्जुन व्हायला बघतो, पण समोरच्या सुभद्रेचा धागा तोवर सुटलेला असतो. गळा कितीही तयार असला तरी हा सांधा जमला नाही तर नाटक मैफलीसारखं वाटतं, आणि मैफल म्हणून ते अपुरंच असतं.

पुढची माहिती अशा माणसासाठी आहे, जो पाच-सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकला आहे, मुंबईत राहतो, आणि ज्याला एखाद्या जुन्या संगीत नाटकात भूमिका मिळाली आहे किंवा मिळवायची आहे. तालमींसाठी आठ आठवडे हाताशी आहेत असं धरलं आहे. त्याहून कमी वेळ असेल तर पदं कमी करा, तालमी कमी करू नका.

नाटक कुठल्या घराण्याचं आहे ते आधी ओळखा

सगळं नाट्यसंगीत एकाच पद्धतीने गायचं नसतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) यांतल्या चालींमध्ये कीर्तन आहे, बायकांची गाणी आहेत, लावणी आहे, कर्नाटकी वळणं आहेत. पदं भरपूर आणि छोटी. पात्रं एकमेकांशी बोलतात ती पदांतून, म्हणून इथे राग मांडत बसलं की संवाद तुंबतो. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, तिथे ठुमरीचा लडिवाळपणा आला. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदं बांधली. ती पेलायला रागाची तालीम लागते, नुसती चाल पाठ करून भागत नाही. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ मुंबईत आलं तेव्हा गाणी मोजकी झाली आणि भावगीताच्या जवळ गेली. लहान, गोड, पण ताकद कमी असलेल्या आवाजाला या वळणाची नाटकं फार चांगली. आणि १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये गाणं हाच भांडणाचा विषय आहे, त्यामुळे तिथे लांब गाणं कथेला धरूनच येतं. ‘कट्यार’मधली मोकळीक ‘सौभद्र’मध्ये घेतली तर अंक कोसळतो. ही गल्लत नव्यांच्या हातून सर्रास होते.

साकी आणि दिंडी या मात्रा मोजून बांधलेल्या जुन्या वृत्तांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवे गायक त्या उरकून टाकतात. साकीची ओळ २८ मात्रांची, १६ वर थांबा. दिंडीची १९ मात्रांची, ९ वर थांबा. हा थांबा म्हणजे पात्राच्या विचारातला खंड. तिथे स्वर धरून ठेवायचा नाही, सोडायचा. साकी उत्तम म्हणणारा नट तालमीत ओळखू येतो: ऐकणाऱ्याला शब्द न् शब्द कळतो आणि चाल होती हे मागाहून लक्षात येतं.

संहिता आणि परवानगी

हे काम संस्थेचं असलं तरी तुम्हाला माहीत हवं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटकं आता खुली आहेत. विद्याधर गोखले किंवा पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या नाटकांना वारसांची लेखी परवानगी लागते, आणि जितेंद्र अभिषेकींच्या चाली वापरायच्या तर चालींचा हक्क वेगळा विचारावा लागतो. शिवाय संपादित संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. म्हणून कुठली पदं गाळायची हे पहिल्या पंधरवड्यातच पक्कं करा. प्रमाणपत्र आल्यावर संहितेत पाडापाडी करणं बरोबर नाही.

जुनी नाटकं रात्रभर चालायची. आज नाट्यगृहाचं एक सत्र धरून साडेतीन तासांत सगळं बसवायचं असतं. मुख्य भूमिकेच्या वाट्याला साधारण आठ-नऊ पदं ठेवा. पदाला चार मिनिटं धरली तर तुमचं गाणं ३५ मिनिटांच्या आसपास जातं. त्याहून जास्त गायलात तर तिसऱ्या अंकात आवाज तुटतो, आणि नेमकी तिथेच मोठी पदं असतात.

पट्टी : सकाळच्या रियाजावर ठरवू नका

पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या पांढऱ्या किंवा काळ्या स्वरावर तुम्ही षड्ज धरता ती. बैठकीत तुम्ही काळी एकमध्ये गात असाल तर नाटकातही तेच चालेल असं नसतं. बैठकीत गाण्याआधी तुम्ही शांत बसलेले असता. नाटकात पदाआधी तुम्ही पाच मिनिटं संतापून बोललेले असता, भालदार-चोपदारांच्या गर्दीतून वाट काढत एंट्री घेतलेली असते, अंगावर चार-पाच किलोंचा पोशाख असतो. म्हणून पट्टीची परीक्षा अशी घ्या. संध्याकाळी, जेवणाआधी, एका अंकाचं गद्य सलग २० मिनिटं पूर्ण फेकीने वाचा. पाणी प्यायला थांबू नका. वाचून झाल्या झाल्या भूमिकेतलं सगळ्यात चढं पद म्हणा. तार गंधार-मध्यम ताणाशिवाय लागला तर पट्टी ठीक. गळ्याच्या शिरा फुगल्या, किंवा हनुवटी वर गेली, तर अर्धा स्वर खाली या: काळी एकवरून पांढरी एक. यात कमीपणा काही नाही. प्रेक्षकांना पट्टी ऐकू येत नाही, ताण ऐकू येतो.

पुरुष साधारण पांढरी एक ते काळी दोन आणि स्त्रिया काळी चार ते काळी पाच या टापूत गातात. द्वंद्वगीतात यामुळेच पेच पडतो. नट काळी एकचा आणि नटी काळी चारची असेल तर नटाचा षड्ज हा नटीचा मध्यम होतो. दोघांनी आपापल्या पट्टीत एकाच पदातल्या ओळी म्हटल्या तर ऐकणाऱ्याला मध्येच पायरी चुकल्यासारखं होतं. व्यवहार्य तोड अशी की काळी तीन हा समाईक षड्ज धरायचा. नटी थोडी खाली येते, तिला खर्जाकडच्या जागा जपून घ्याव्या लागतात. नटाचा नेहमीचा षड्ज तिथे मंद्र पंचम होतो, आणि तार षड्जाच्या वर त्याला जाऊ द्यायचं नाही. त्याच्या ओळींची हालचाल मंद्र-मध्य सप्तकात बसवून घ्या. आवाज मुळातच जड असेल तर ती ओळ सरळ दिंडीसारखी बोलत म्हणू द्या.

जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून शिकणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावायची. तिच्यात ऐकू येतं ते पदाचं आवरतं घेतलेलं रूप. रंगमंचावर तेच पद कितीतरी फुलवून गायलं जायचं. दुसरं, या तबकड्यांच्या आज फिरणाऱ्या प्रतींचा वेग नेहमी बरोबर असतोच असं नाही, त्यामुळे त्यावरून पट्टी ठरवणं धोक्याचं. बालगंधर्वांनी ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीची, ‘मानापमान’मधल्या भामिनीची पदं पुरुषाच्या आवाजात गायली. आज ती स्त्री गाते तेव्हा पट्टी चढते आणि त्यांच्या गळ्यात मधल्या सप्तकात विसावणारी हरकत हिच्या गळ्यात टोकाला जाऊन बसते. अशी हरकत हट्टाने उचलू नका. तिचा भाव धरून आपल्या गळ्याला सोसेल ती जागा शोधा.

एक पद बसवायला सात दिवस

पेटी उघडायची घाई करू नका. पहिल्या दिवशी पद हाताने वहीत लिहून काढा, खाली त्याचा अन्वय लावा आणि आजच्या मराठीत ते वाक्य काय होईल ते लिहा. जुन्या पदांतली शब्दांची ओढाताण वृत्तासाठी झालेली असते. कर्ता कुठे, क्रियापद कुठे हे कळल्याशिवाय गायलेलं पद कानाला गोड लागेल, पण समोरच्या पात्रापर्यंत पोचणार नाही. दुसऱ्या दिवशी ते नुसतं बोला, सहकलाकाराच्या डोळ्यांत बघून. तिसऱ्या दिवशी ठेक्यावर बोला, स्वर नाही. चौथ्या दिवशी चाल म्हणा, मात्र एकही मुरकी नको, सरळ स्वर.

पाचवा दिवस श्वासांचा. लाल पेन्सिल घ्या आणि श्वासाच्या जागी उभी रेघ मारा. ‘संशयकल्लोळ’मधलं ‘मृगनयना रसिकमोहिनी’ घ्या. दरबारीतलं पद, आश्विनशेठच्या तोंडी. दरबारीचा गंधार आंदोलत ठेवायच्या नादात गायकाचा दम ‘रसिक’पाशी संपतो, तिथे श्वास घेतला जातो, आणि ‘मोहिनी’ सुटी पडते. रसिकांना मोहवणारी हा एक शब्द आहे, तो मोडला की तिची ओळख मोडते. श्वास ‘मृगनयना’नंतर घ्या, आणि तो असा घ्या की जणू ती दोन क्षण डोळ्यांसमोर उभी राहिली. मग ‘रसिकमोहिनी’ एका दमात. एवढं एक केलं तरी पद गाणाऱ्याच्या गळ्यातून आश्विनशेठच्या तोंडी जातं. सामासिक शब्द जिथे जिथे असतील तिथे हाच नियम.

सहाव्या दिवशी विस्तार ठरवा. ठरवा म्हणजे खरोखरच लिहून ठेवा: कुठल्या शब्दावर आलाप, कुठे बोलतान, कुठे आकारातली तान, किती आवर्तनं. मध्यलय त्रिताल मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत असेल तर १६ मात्रांचं एक आवर्तन सहा सेकंदांचं. दोन आवर्तनांची तान म्हणजे बारा सेकंद. बारा सेकंद समोरचं पात्र तुमच्याकडे बघत उभं असतं. एका पदात अशा दोन तानांहून जास्त घ्यायच्या असतील तर त्या पात्राला तेवढा वेळ काय होतंय याचं उत्तर दिग्दर्शकाकडे असायला हवं. तान नेहमी भाव चढलेल्या शब्दावर घ्या: विनवणीचा, रागाचा, आठवणीचा शब्द. ‘तो’, ‘ही’, ‘परि’ अशा शब्दांवर घेतलेली तान सफाईदार असली तरी ऐकणाऱ्याला कशाचीच वाटत नाही.

सातव्या दिवशी घड्याळ लावून पूर्ण पद उभ्याने, चालत, बसत म्हणा. रियाज मांडी घालून आणि प्रयोग उभ्याने असं केलंत तर पोटाचा आधार प्रयोगात सापडत नाही. याच दिवशी एक वाईट सवय मोडायची असते. शास्त्रीय गाण्यातल्या मंडळींचा उजवा हात मांडीवर ताल मोजतो, डावा हात तानेबरोबर हवेत फिरतो. दोन्ही हातांत रुमाल, शेला, पत्र असं काहीतरी द्या. आठवडाभरात हात शांत होतात.

सांधा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. पदाआधीच्या शेवटच्या वाक्याचा शेवटचा शब्द कुठल्या स्वराच्या जवळ पडतो ते पेटीवर बघा. तो षड्ज किंवा पंचमाच्या आसपास पडायला हवा. रागातलं गद्य वर चढतं, दुःखातलं खाली घसरतं, आणि मग पदाचा पहिला स्वर खड्ड्यात पडल्यासारखा किंवा उडी मारल्यासारखा लागतो. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे गद्याच्या तालमीत तंबोरा मंद लावून ठेवायचा. दोन आठवड्यांत गद्य आपोआप त्या षड्जाभोवती फिरू लागतं. संगीत नाटकातलं गद्य इतर नाटकांपेक्षा जरा गाऊन बोलल्यासारखं का असतं, त्याचं मूळ यात आहे.

ऑर्गनवादकाने शेवटचे तीन-चार शब्द उरले असताना हलका षड्ज द्यावा. वाक्य संपल्यावर दिला तर मध्ये पोकळी पडते, आणि प्रेक्षक त्या पोकळीत खोकतात. ऑर्गनच्या खर्जाकडच्या पट्ट्या बोलायला किंचित वेळ घेतात, म्हणून खुणेचा शब्द एक शब्द अलीकडे ठरवा. श्वास शेवटच्या वाक्याच्या आत घ्या, वाक्यानंतर नको. पदाचा पहिला शब्द बोलल्याइतक्याच आवाजात उचला, मुखडा पूर्ण होताना आवाज भरू द्या, आणि तबला मुखड्याच्या समेवर येऊ द्या. पहिल्या अक्षरालाच तबला आला की सगळ्यांना कळतं, आता गाणं सुरू झालं.

परत येण्याची वाट तितकीच बिकट. पद संपल्यावर टाळ्या येतात. नमस्कार करायचा नाही, मानही तुकवायची नाही. शेवटच्या स्वरावर जी नजर जिथे होती तिथेच ठेवा. टाळ्या निम्म्यावर उतरल्या की पुढचं वाक्य समोरच्याने उचलायचं, पूर्ण फेकीने. टाळ्या पूर्ण थांबायची वाट बघितली तर अंकाचा दाब जातो. याची तालीमही करा: सहकाऱ्यांना खोट्या टाळ्या वाजवायला सांगा, कधी पाच सेकंद, कधी वीस.

आता ज्याच्यासमोर पद गायलं जातं त्याच्याबद्दल. त्याचं काम ऐकण्याचं आहे, आणि ते अवघड आहे. त्याला पदाचा गद्य अर्थ वाक्यावाक्याने पाठ हवा आणि कुठल्या ओळीला आपल्यात काय बदलतं हे ठरलेलं हवं. ‘वाहवा’ म्हणत मान हलवणारा सहनट हा श्रोता झाला, पात्र उरला नाही.

वन्समोअर आला तर काय, हे आधी ठरवून ठेवा. पूर्ण पद पुन्हा घेऊ नये. अंतऱ्यापासून किंवा शेवटच्या मुखड्यापासून घ्या, गाण्यातली एक नवी जागा दाखवा, आणि पहिल्यापेक्षा लवकर संपवा. खूण ऑर्गनवादकाला द्यायची, ती साधी हवी: शेला खांद्यावर घेणं, अर्धं पाऊल मागे. सहकलाकाराने पदाच्या मध्यात जी जागा घेतली होती तिथे परत जायचं. एका प्रयोगात दोन-तीन वन्समोअर पुरेत, नाहीतर शेवटची घंटा वाजून हॉल रिकामा करायची वेळ येते आणि शेवटचा अंक धावत संपतो.

साथ, माइक आणि मुंबईची हवा

ऑर्गनचा भाता पायांनी चालतो, दोन्ही हात सुरांवर मोकळे राहतात. हातपेटीपेक्षा तो संगीत नाटकाला जवळचा वाटतो तो त्या भरीव, न तुटणाऱ्या सुरामुळे. पण वाद्य जड, जुनं आणि नाजूक. टेम्पोत उभंच न्या, आडवं नको. हॉलवर पोचल्यावर प्रत्येक पट्टी एकदा दाबून बघा. प्रवासात धूळ किंवा भुसा आतल्या सुराच्या पातीवर बसतो आणि एखादी पट्टी मुकी होते किंवा वाजतच राहते. हे पहिल्या घंटेनंतर कळून उपयोग नाही.

तबल्याचं दुखणं हवेशी बांधलेलं आहे. जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, सूर उतरतो. तोच तबला वातानुकूलित हॉलमध्ये आणला की कोरड्या थंड हवेत कातडं आवळतं आणि सूर चढतो. म्हणून रंगपटात, म्हणजे नटांच्या तयारीच्या खोलीत, लावलेला तबला रंगमंचावर बेसूर होतो. तबला प्रयोगाच्या जागी ठेवून, एसी सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर लावा, आणि दुसऱ्या अंकाआधी पुन्हा तपासा. वादक कुठे बसतात हेही बघा. गायकाला वादकांचे हात दिसले पाहिजेत. दहा मीटर लांबून येणारा ठेका साधारण ३० मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि द्रुत लयीत तेवढंही गायकाला मागे खेचतं. गायकाला साथ ऐकवणारा एक छोटा स्पीकर (मॉनिटर) विंगेत, तुमच्या दिशेला वळवून मागून घ्या.

कॉलर माइक छातीवर लावला तर मोत्यांच्या माळा त्यावर घासतात आणि प्रत्येक श्वासाला खरखर होते. तो टोपाच्या कडेला, कपाळावर, केसांत लपवा. घामाने माइकचं तोंड बुजतं म्हणून प्रत्येक अंकानंतर कापसाने टिपा. पुढे ठेवलेल्या माइकवरच भिस्त असेल तर रंगीत तालमीला सगळ्या जागांवर उभं राहून एकेक ओळ म्हणा आणि कोणाला तरी शेवटच्या रांगेत बसवा. साहित्य संघ, शिवाजी मंदिर, रवींद्र नाट्य मंदिर, गडकरी रंगायतन: प्रत्येक हॉलचे बहिरे कोपरे वेगळे आहेत, पद तिथे घेऊ नका.

रंगपटात

टोप कानांवर आला तर स्वतःचा सूर ऐकू येत नाही आणि आवाज नकळत चढतो. कडा कानामागून घ्यायला सांगा. गोंदाने लावलेली मिशी वरच्या ओठाला घट्ट धरते, ‘प’, ‘ब’, ‘म’ जड होतात. ती दोन तुकड्यांत लावली की मधला ओठ मोकळा राहतो. कंबरपट्टा किंवा नऊवारीचा कासोटा आवळताना पूर्ण श्वास घेऊन, बरगड्या फुगवून उभे राहा आणि मगच गाठ मारू द्या. श्वास सोडलेल्या अवस्थेत बांधलेली कंबर नंतर लांब ओळीला दगा देते. चौथ्या आठवड्यापासून तालीम नऊवारीत, शेला-उपरण्यात करा.

प्रयोगाचा दिवस

रात्री साडेआठचा प्रयोग असेल तर दुपारी दीडनंतर जड जेवण नको, पाचच्या सुमाराला हलकं खाणं पुरे. पाणी सकाळपासून थोडं थोडं प्या. गिळलेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, शरीरात मुरून मग ओलावा पोचतो, त्यामुळे विंगेत ढोसलेल्या ग्लासाने फक्त तोंड ओलं होतं. सकाळी २० मिनिटं खर्ज, संध्याकाळी रंगपटात १० मिनिटं बंद ओठांनी गुणगुणणं, एवढंच. प्रयोगाच्या दिवशी पूर्ण पदं म्हणून बघू नका. लोकलच्या गर्दीत, पंख्याच्या घरघरीत मोबाइलवर बोलणं टाळा. त्या गोंगाटावर आवाज चढवून केलेल्या अर्ध्या तासाच्या गप्पा अख्ख्या अंकाएवढ्या महाग पडतात.

शनिवार-रविवारी लागोपाठ प्रयोग असतील तर मधली सकाळ मौनाची. मौन म्हणजे कुजबुजही नाही, कुजबुजण्याने गळ्यावर ताण येतोच. आवाज बसला असेल तर वाफ, विश्रांती आणि कमी बोलणं. घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर काढे थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या. गाठी लवकर कळल्या तर आवाजाच्या व्यायामाने बहुधा आटोक्यात येतात, दुर्लक्ष केलं तर वरची पट्टी कायमची जाऊ शकते.

काम कुठून येतं आणि पोट कशावर भरतं

केवळ संगीत नाटकांवर मुंबईत घर चालत नाही, हे पहिल्या दिवशीच मान्य करा. कलाकाराला प्रयोगागणिक ‘नाइट’, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते, आणि संगीत नाटकाचे प्रयोग गद्य नाटकांइतके लागत नाहीत, कारण साथीदार, पोशाख, ऑर्गनची वाहतूक असा प्रत्येक प्रयोगाचा खर्च मोठा. म्हणून बहुतेक गायक-नट शिकवण्या, नाट्यपदांच्या मैफली, डबिंग किंवा नोकरी यांची सांगड घालतात. नोकरी असेल तर शनिवार-रविवार मोकळे आहेत ना आणि दौऱ्याला रजा मिळते ना ते आधी विचारा. नाइटची रक्कम, दौऱ्यातला प्रवास, राहणं आणि जेवण, तालमीचं मानधन आहे की नाही, हे लेखी घ्या. संकोचापायी हे राहून जातं आणि तिसऱ्या प्रयोगानंतर मनं दुखावतात.

प्रवेशाची उत्तम वाट म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेचा संगीत नाटक विभाग. दरवर्षी हौशी संस्थांना गाणारे नट लागतात, आणि मुख्य भूमिकेपेक्षा सूत्रधार किंवा नारद मागून घेतलेला बरा. नारदाला पदं कमी, पण येता-जाता गद्यातून पदात शिरावं लागतं, सांधा शिकायला याहून चांगली भूमिका नाही. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाची संगीत नाटकांची जुनी परंपरा आहे. चर्नी रोडला उतरून चालत जाता येतं. तिथे आधी प्रेक्षक म्हणून जात राहा. ऑडिशनला दोन पदं न्या: एक रागदारीचं, एक साकी किंवा दिंडी, आणि दोन्हींच्या आधीचं गद्य. नुसतं पद म्हणून दाखवणारे शंभर येतात. गद्यातून पद उचलून दाखवणाऱ्याकडे संगीत दिग्दर्शक मान वर करून बघतो.

प्रत्येक प्रयोगानंतर, घरी पोचेपर्यंत लोकलमध्येच, एका वहीत चार गोष्टी टिपा: प्रत्येक पदाला लागलेली मिनिटं, सांधा कुठे निसटला, कुठल्या हॉलमध्ये कुठल्या जागेवर आवाज पोचला नाही, तबला कुठल्या अंकात चढला. त्याच नाट्यगृहात सहा महिन्यांनी पुन्हा प्रयोग लागतो तेव्हा रंगपटात आधी ते पान उघडा.